सील लागलेला फ्लॅट घेण्याआधी : एका सोसायटीच्या खजिनदार बाईच्या वहीतून

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत 44 फ्लॅट आहेत आणि सहा वर्षांपासून मी तिथली खजिनदार आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटला बँकेने सील ठोकलं, तिथून लिलाव पार पडेपर्यंत दोन वर्षं आणि एक महिना गेला. त्या काळात फ्लॅट बघायला आलेल्यांची नावं वॉचमन काकांच्या रजिस्टरमध्ये आहेत. एकूण 31 जण. बहुतेकांनी दाराला चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो काढला, जिन्यावरून एक नजर टाकली आणि गाडीला किक मारली. सोसायटीच्या ऑफिसात फक्त तिघं आले. थकबाकी लेखी मागितली ती एकट्या एका बाईंनी.

फ्लॅट तिसऱ्याच माणसाला लागला. ताबा मिळाल्यावर सभासदत्वाचा अर्ज घेऊन तो माझ्यासमोर बसला, तेव्हा मी त्याला आकडा सांगितला : 2,12,000 रुपये, व्याजासह. त्याचा चेहराच उतरला. "ताई, हे मला कुणी सांगितलंच नाही." तो कागद दोन वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होता. त्याने विचारलं असतं तर पाच मिनिटांत हातात दिला असता.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने लिलावातलं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. आम्ही दोघांनी सात महिन्यांत नऊ फ्लॅट तपासले आणि एक घेतला. या कामात बँकेची नोटीस ही फक्त सुरुवात असते. नोटीस बँकेने स्वतःच्या वसुलीसाठी लिहिलेली असते. घराची खरी हकीकत सोसायटीच्या वहीत, लाइट बिलात, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतावर आणि दुय्यम निबंधकाच्या नोंदींत विखुरलेली असते. ती अनामत रक्कम भरण्याआधी गोळा करायची.

नोटिशीतला एक शब्द

बँकेला कोर्टात न जाता तारण ठेवलेलं घर विकू देणारा सरफेसी कायदा 2002 चा. हप्ते थकून खातं बुडीत ठरलं की बँक कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस देते. पैसे आले नाहीत तर ताबा घेते आणि मग विक्रीची नोटीस दोन वर्तमानपत्रांत येते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. हीच नोटीस बँकेच्या वेबसाइटवर असते आणि सरकारी बँकांची असेल तर बँकनेट पोर्टलवरही. एखादा एजंट नुसता व्हॉट्सॅपवर कागद पाठवत असेल तर आधी तो या दोन ठिकाणी सापडतो का बघा आणि पैसे फक्त नोटिशीत छापलेल्या खात्यातच भरा.

नोटिशीत सगळ्यात आधी ताब्याचा प्रकार शोधा. "प्रत्यक्ष ताबा" लिहिलं असेल तर चावी बँकेकडे आहे. "सांकेतिक ताबा" किंवा "प्रतीकात्मक ताबा" लिहिलं असेल तर बँकेने दारावर कागद लावला आहे आणि आत बहुधा माणसं राहताहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी 30 दिवस आणि फार तर 60 दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात पोलीस बंदोबस्त, तारखा आणि निवडणुका यांत महिनेच्या महिने जातात, आणि तुमचे सगळे पैसे तोवर बँकेत पोचलेले असतात.

आम्ही बघितलेला दुसरा फ्लॅट असाच होता. किंमत फार चांगली. बेल वाजवली तर ऐंशीच्या घरातल्या आजींनी दार उघडलं आणि आम्हाला पाणी दिलं. त्यांना लिलावाची तारीखही माहीत नव्हती. भाऊ जिना उतरताना एक शब्द बोलला नाही. आम्ही तो फ्लॅट सोडला. तुम्हीही सांकेतिक ताब्याचं घर पहिल्यांदाच लिलावात उतरत असाल तर घेऊ नका, असं मी अगदी स्पष्ट सांगते.

दुसरी ओळ "जसे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे". नजर या ओळीवरून सहज घसरते. तिचा अर्थ, आत जे निघेल ते तुमचं. वीजबिलाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये केरळच्या एका खटल्यात सांगितलं, की वीज कंपनीच्या नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी नव्या जोडणीच्या वेळी लिलावात घेणाऱ्याकडून मागता येते.

तिसरी गोष्ट तारखांची. पहिल्या विक्रीसाठी 30 दिवसांची नोटीस लागते. आधीचा लिलाव फसला असेल तर पुढच्या वेळी 15 दिवस पुरतात. म्हणून 15 दिवसांची नोटीस दिसली की समजायचं, हे घर आधी कुणी घेतलं नाही. का घेतलं नाही ते शोधायचं. जुन्या नोटिशी काढून राखीव किंमत (जिच्याखाली बोली घेत नाहीत ती) कशी उतरत गेली तेही वहीत लिहा.

सोसायटीत काय विचारायचं

त्या एका बाईंनी मला जे प्रश्न विचारले ते मी त्याच दिवशी टिपून ठेवले होते. पुढे भावासाठी तेच घेऊन फिरले.

मेन्टेनन्स किती थकला, व्याज धरून? आमच्या उपविधींत 21 टक्के सरळव्याज आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षांत आकडा भलताच फुगतो. मेन्टेनन्सशिवाय रंगकाम, लिफ्ट, पाण्याची टाकी अशा कामांची वर्गणी राहिली आहे का? सोसायटीने वसुलीचा दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा निबंधकाचा आदेश, काढला आहे का? भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) कुणाच्या नावावर आहे आणि तो कुठे आहे? सभासदांच्या नोंदवहीत बँकेच्या तारणाची नोंद आहे का, एकाच बँकेची की दोघींची? पार्किंग खरंच या फ्लॅटला दिलेलं आहे का? जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे? पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का?

शेवटचा प्रश्न विचारताना त्यांनी आवाज खाली आणला होता. "त्या घरात कुणी आजारी होतं का, काही वाईट घडलं का, ते मला नको. फक्त घर कधीपासून बंद आहे ते सांगा." मला त्यांचं फार बरं वाटलं. चौकशी करताना ज्यांचं घर गेलं त्यांची अब्रू सांभाळावी. आमच्याकडच्या त्या कुटुंबाचा छोटा कारखाना बंद पडला होता. ती चांगली माणसं होती आणि सील लागण्याच्या दिवसापर्यंत दर गणपतीला वर्गणी सगळ्यांत आधी त्यांची यायची.

काही सोसायट्या अनोळखी माणसाला लेखी काही देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. अशा वेळी नोटिशीवर बँकेच्या ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव आहे त्यांना ईमेल करा, की बोली लावण्याआधी सोसायटीचं थकबाकीचं पत्र मागवून द्यावं. तोंडी आकड्यावर विसंबू नका. आमच्या नऊपैकी एका ठिकाणी सेक्रेटरी साहेबांनी "असतील साठेक हजार" म्हणून सांगितलं होतं, पत्र आलं ते 1,86,400 चं.

वॉचमन, इस्त्रीवाला, कचरा नेणाऱ्या मावशी यांच्याशीही बोला. पाणी रोज येतं की टँकर लागतो हे त्यांना सेक्रेटरीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

कागद कुठे शोधायचे

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, गाव आणि मिळकतीचा नंबर घालून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, बघता येतो. एकाच मिळकतीचा नंबर वेगवेगळ्या दस्तांत वेगवेगळा लिहिलेला असतो, म्हणून सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, हिस्सा, असं सगळं उलटसुलट करून शोधा. खरेदी कुणाकडून कुणाकडे झाली ती साखळी जुळली पाहिजे. गहाणाची सूचना, कोर्टात दावा चालू असल्याची नोंदवलेली नोटीस, हेही इथेच सापडतं. महाराष्ट्रात 2013 पासून मालकीचे मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज घेतलं की त्याची सूचना नोंदवावी लागते. अशा दोन सूचना दोन वेगळ्या बँकांच्या दिसल्या तर थांबा.

त्यासाठीच दुसरा शोध 'सरसाई'वर घ्या. ही तारणांची केंद्रीय नोंदवही, 2011 मध्ये सुरू झालेली. नाममात्र शुल्कात कुणालाही बघता येते. तिसरा शोध कर्जवसुली न्यायाधिकरणाचा. ताब्याविरुद्ध कर्जदाराला 45 दिवसांत तिथे दाद मागता येते. पुण्यात असं न्यायाधिकरण आहे आणि पक्षकाराच्या नावाने ऑनलाइन शोधता येतं. कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार, तिघांची नावं टाका. जिल्हा न्यायालयातली प्रकरणंही ई-कोर्ट्सवर तशीच बघा, कारण भावाभावांच्या वाटपाचे दावे तिथे असतात.

"कर्जदाराने ऐनवेळी पैसे भरले तर?" असं सगळे विचारतात. 2016 च्या दुरुस्तीनंतर विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच कर्जदाराला पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये, बाफना मोटर्सच्या मुंबईच्या प्रकरणात, ते पक्कं केलं. पण नोटीसच नियमाप्रमाणे दिली नाही म्हणून लिलाव आव्हानात अडकू शकतो, म्हणून न्यायाधिकरणाचा शोध टाळू नका.

एवढं करूनही 30 वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्याच. आम्ही 25,000 दिले. बँकेच्या पॅनलवरच्याच वकिलाला पुन्हा विचारू नका, स्वतःचा वकील करा.

बांधकाम खरं आहे का

बँकेने कर्ज दिलं म्हणजे इमारत कायदेशीर, हा समज अनेकांना महागात पडला आहे. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेराचा नोंदणी क्रमांकसुद्धा मिळवला होता. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. आत राहणाऱ्यांनी घरं पैसे मोजूनच घेतली होती. म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची खात्री महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून करा, बिल्डरच्या फाइलमधून नको. गरज पडली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

पिंपरी-चिंचवडकरांसाठी एक खूण सांगते. जुनी मालमत्ताकराची बिलं मागा आणि त्यांत 'शास्तीकर' ही ओळ आहे का बघा. तो कर अनधिकृत बांधकामालाच लागायचा. 2023 मध्ये तो माफ झाला, त्यामुळे नव्या बिलात दिसणार नाही, पण माफी मिळाली म्हणून बांधकाम अधिकृत झालं असं होत नाही. जुनं बिल खरं बोलतं. आमचे दोन फ्लॅट याच एका ओळीवर बाद झाले.

मग नकाशा. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीचा रेड झोन (बांधकामाला बंदी असलेला पट्टा), आणि पवना, मुळा, इंद्रायणीच्या पूररेषा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदाच्या. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले 2025 च्या मे महिन्यात महापालिकेने पाडले. विकास आराखड्याच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते स्वतः बघा. पिंपरी-चिंचवड प्राधिकरणाच्या जुन्या सेक्टरमध्ये जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. तिथे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क आधी विचारून घ्या.

घरात शिरल्यावर

नोटिशीत पाहणीची तारीख आणि वेळ असते. आम्ही जाताना मोठी टॉर्च, बादली, टेप, टेस्टर आणि एक ओळखीचे प्लंबर घेऊन जायचो. प्लंबरला प्रत्येक खेपेचे 500 रुपये दिले, आणि ते पुरेपूर वसूल झाले.

घर किती दिवस बंद आहे हे आधी ठरवा. भावाने घेतलेल्या रहाटणीच्या फ्लॅटमध्ये ओट्याशेजारी कालनिर्णयचं मार्च महिन्याचं पान होतं, दुधाच्या खाड्यांच्या खुणा अकरा तारखेपर्यंत. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा आलेख असतो, त्यानेही तेच सांगितलं. मीटर कायमचं खंडित झालं असेल तर नवी जोडणी आणि थकबाकी दोन्ही हिशेबात धरा.

बंद घरातली घाण फसवते आणि स्वच्छतासुद्धा फसवते. संडास-बाथरूमला उग्र वास येत असेल तर घाबरू नका. जाळीखालच्या वळणातलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो आणि झुरळंही येतात. दोन बादल्या पाणी ओतलं की बरंचसं थांबतं. उलट, घर नुकतंच रंगवलेलं दिसलं तर खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवा. गार, ओलसर लागतंय का? रंगाचे पापुद्रे, पांढरी खार? नळ दोन वर्षं बंद असल्याने गळतीही बंद असते, हे ध्यानात ठेवा. म्हणून पाणी सोडून बघायचं. टाकीचा कॉक उघडून बाथरूममध्ये पाणी साचवा, अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरच्यांची परवानगी घेऊन त्यांचं छत बघा. आम्ही बघितलेल्या सहाव्या फ्लॅटखालच्या काकूंनी आम्हाला छताचा काळा डाग दाखवला आणि चार वर्षांची कैफियत सांगितली. प्लंबरने तिथेच मान हलवली.

पाहणी पावसाळ्यात पडली तर नशीब समजा. रहाटणीचा फ्लॅट आम्ही जुलैत बघितला, सलग तीन दिवसांच्या पावसानंतर.

दाराच्या चौकटी ठोकून बघा. पोकळ आवाज आणि मातीची बारीक रेघ म्हणजे वाळवी. स्विचबोर्ड उघडून वायर आहे का बघा, कारण जाताना कधीकधी वायर, नळ, पंखे, बेसिन सगळं काढून नेलेलं असतं. कबुतरांनी बाल्कनी व्यापली असेल तर जाळीचा खर्च लिहा. खोल्यांची मापं घेऊन नकाशाशी ताडून पाहा. बाल्कनी आत घेतलेली असेल तर ती वाढीव जागा तुमच्या हिशेबात धरू नका.

रिकामं, पण लिलावात नसलेलं घर

वाकड-हिंजवडीकडे असे फ्लॅट पुष्कळ, मालक परदेशात. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित झालेलं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरलेलं हवं. मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. मूळ मालक वारले असतील तर सोसायटीच्या नोंदीत ज्याचं नामनिर्देशन आहे तो एकटा मालक ठरत नाही, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. घर वर्षानुवर्षं बंद असण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पैशांचं वेळापत्रक आणि खरी किंमत

अनामत रक्कम बहुतेक वेळा राखीव किमतीच्या 10 टक्के. बोली लागली की अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. नाही भरले तर भरलेले 25 टक्के जप्त होतात आणि ही जप्ती सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्येही योग्य ठरवली. म्हणून गृहकर्जाची मंजुरी बोलीच्या आधी हातात घ्या, आणि कर्ज देणाऱ्या बँकेला 'लिलावातली मालमत्ता' असं स्पष्ट सांगूनच घ्या. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का कर कापून भरावा लागतो. तो कुणाच्या पॅनवर, हे बँकेकडून लेखी घ्या.

भावाचा हिशेब जसाच्या तसा देते. बोली 43,10,000. सोसायटी 1,86,400. मालमत्ताकर 38,200. वीज 11,300. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 3,01,700, नोंदणी 30,000, वकील 25,000. दुरुस्ती, वायरिंग आणि रंग 2,75,000. एकूण 51,77,600. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट इंडेक्स टूप्रमाणे त्या वर्षी 56 लाखांना गेला होता. म्हणजे बोलीवर जे 13 लाख वाचताहेत असं दिसत होतं, त्यातले साडेआठ लाखांहून जास्त या छोट्या ओळींनी खाल्ले. तरीही व्यवहार चांगला झाला, कारण प्रत्येक ओळ आम्हाला आधीपासून माहीत होती आणि भावाने 44 लाखांच्या वर जायचं नाही हे कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवलं होतं. ऑनलाइन बोलीत शेवटच्या मिनिटांत नवी बोली आली की वेळ वाढत जाते आणि माणूसही वाढत जातो.

ताबा घेताना

विक्री दाखला हातात आला की ताब्याच्या दिवशी पंचनामा आणि आतल्या वस्तूंची यादी करून घ्या, प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीसह. प्रत्येक खोलीचा आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. कुलूप त्याच तासाला बदला. सभासदत्वाचा अर्ज, कराच्या नोंदीत नावबदल आणि वीजजोडणी हे तिन्ही अर्ज त्याच आठवड्यात द्या.

आत राहिलेल्या वस्तू कर्जदाराच्या असतात, तुमच्या नव्हेत. भावाच्या फ्लॅटमध्ये लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी निघाली. त्यात मुलीची दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला आणि आजोबांचा पेन्शनचा कागद. आम्ही यादीत प्रत्येक कागद वेगळा लिहिला, पिशवी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे दिली आणि पोच घेतली. आठवड्याभराने भावाने फोन करून विचारलं. अधिकारी म्हणाले, मुलगी स्वतः येऊन घेऊन गेली.